सातपुडा, तापी आणि सपाट थर

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. पर्वतनिर्मितीचा धडा आला की फळ्यावर हिमालय काढावा लागे. दोन्ही बाजूंनी दाब आणि मध्ये थरांच्या घड्या. सतरंजी दोन्हीकडून रेटली की वळ्या पडतात, तसा हा वली पर्वत. मुलांना हे चटकन कळे. पुढच्या ओळीत सातपुडा येई : ‘गट पर्वत’, आणि तापी म्हणजे ‘खचदरीतून वाहणारी नदी’. ही ओळ मुले पाठ करीत आणि पेपरात लिहून मोकळी होत. वर्गाच्या खिडकीतून सातपुडा दिसत असूनही! निवृत्तीनंतर मी त्या एका ओळीच्या मागे लागलो. चार पुस्तके वाचली, थोडी पायपीट केली. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहितो.

खडकांचे थर वाचण्याची रीत जुनी आहे. निल्स स्टेनसन नावाच्या डॅनिश गृहस्थाने १६६९ मध्ये फ्लोरेन्सला एक छोटा ग्रंथ छापला. (हा मूळचा शरीरशास्त्राचा अभ्यासक, पुढे बिशप झाला.) त्याचे म्हणणे साधे होते. थर साठतो तेव्हा आडवा साठतो. तो तिरपा किंवा वाकलेला दिसला तर त्याच्यावर नंतर काहीतरी गुजरले असे समजावे. आणि एखादी गोष्ट थराला छेदून गेली असेल, तर ती थरापेक्षा वयाने लहान.

आता हा नियम घेऊन धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याकडे पाहा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कठीण थराचा कडा, मग ठिसूळ थराचा उतार, पुन्हा कडा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला, त्याचे हे थर. या खडकाला इंग्रज ‘ट्रॅप’ म्हणत. तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. आपले विहीर खोदणारे ग्रंथ न वाचताच हे सारे जाणतात. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण अशी नावे ते हातातल्या पहारीच्या आवाजावरून देतात. दोन थरांमध्ये कधी विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा लागतो. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती तयार व्हायला पुरेसा काळ गेला आणि मग दुसरा आला, असा त्याचा अर्थ.

हे थर डोळ्यांना सपाट दिसतात. सह्याद्रीतही बहुतेक ठिकाणी तसेच आहेत. पनवेलच्या आसपास मात्र तेच थर समुद्राकडे कललेले आढळतात. म्हणजे आपल्याकडे हिमालयासारख्या वळ्या नाहीत. मग इथली जमीन स्वस्थ बसली होती काय?

तसे मुळीच नाही. धुळ्याहून साक्रीकडे किंवा नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती दिसतात. कुणा राजाने बांधल्यात असे वाटावे इतक्या सरळ. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. उभ्या भेगेत लाव्हारस शिरला, आतच गोठला आणि आजूबाजूचा मऊ दगड झिजल्यावर भिंत उघडी पडली. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी नंदुरबार-धुळे भागातल्या अशा २१० डाइकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतला सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा आहे. त्या आडव्या थरांना छेदतात, म्हणजे नंतरच्या. आणि बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम धावतात. कापड उत्तर-दक्षिण ताणले तर ते पूर्व-पश्चिम फाटेल. आपली जमीन त्या काळी तशीच ताणली गेली होती.

गंमत म्हणजे तापीही त्याच दिशेने जाते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला वळतात आणि ही मुलताईला उगम पावून सरळ पश्चिमेला. भुसावळला रेल्वे आली त्याच दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफोर्ड या भागात हिंडत होते. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांवरचा त्यांचा अहवाल १८६९ चा. नकाशावर एक गोष्ट सहज दिसते. दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या लांब नद्या, तर उत्तरेकडून येणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या आखूड. सातपुडा एकदम भिंतीसारखा उभा राहतो, कारण त्याच्या पायथ्याशी प्रस्तरभंग आहे. एक बाजू वर राहिली, दुसरी खाली गेली, आणि खाली गेलेला भाग नद्यांनी लाखो वर्षे गाळ आणून भरून काढला. धुळ्याकडे बोअर मारला तर थोड्याच फुटांत पाषाण लागतो. यावल-रावेरकडे माती, वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू असे शेकडो फूट जावे लागते. सातपुड्यावर आहे तोच काळा पाषाण इथे गाळाखाली पडून आहे.

ही भेग मेलेली नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे सव्वासहा तीव्रतेचा भूकंप झाला, तोही जमिनीखाली जवळजवळ ४० किलोमीटरवर. आमची आई सांगे, घरातल्या उतरंडीची मडकी एकमेकांवर वाजली होती. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातला. मात्र त्याने उलटी गोष्ट दाखवली : तिथे जमीन ताणली जात नसून दाबली जात होती. भारताचा भूखंड उत्तरेला हिमालयाशी भिडलेला आहे, त्याचा दाब इथवर पोहोचतो. एकेकाळी ताणाने फाटलेली जागा आज दाबाने कुरकुरते आहे. फळ्यावर वेगवेगळे काढलेले हिमालय आणि सातपुडा असे एकमेकांना जोडलेले निघाले.

अडावदजवळच्या उनपदेवचे गरम पाणीही या भेगांतूनच वर येते. लोक तिथे श्रद्धेने स्नान करतात, आणि करावे. खोल गेलेले पावसाचे पाणी जमिनीच्या उष्णतेने तापून परत येते, हे कळल्याने त्या जागेचे महत्त्व मला तरी कमी वाटले नाही.

पण खानदेशाचे पोट भरते ते थंड पाण्यावर. सातपुड्याच्या पायथ्याशी जाड्याभरड्या दगडगोट्यांचा एक पट्टा आहे, ‘बझाडा’ म्हणतात त्याला. डोंगरावरून येणारे पाणी तो चाळणीसारखे पिऊन घेतो आणि खालच्या गाळात सोडतो. रावेर, यावल, चोपड्याची केळी या साठ्यावर उभी राहिली. माझ्या लहानपणी मोटेचे पाणी पाहिले, मग डिझेल इंजिन, मग विजेचे पंप, मग बोअर. दर पिढीला पाणी खाली गेले. तोच बझाडा पुन्हा भरावा म्हणून तापी मेगा रिचार्ज योजना आखली गेली, आणि मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. कल्पना चांगली आहे. चाळणी निसर्गाने तयार ठेवली आहे, पाणी तिच्यापर्यंत नेऊन सोडायचे. तोवर आमच्या भागातले बोअरवाले गाडीवर जादा पाइप ठेवूनच निघतात.