बोर्डिंगातल्या पोराचं कोल्हापूर

कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान आणि पूर्वीचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, एकमेकांना खेटून आहेत. मैदान 1912 सालचं, थिएटर 1915 सालचं. दोन्ही शाहू महाराजांनी बांधवून घेतली. 1902 मध्ये महाराज विलायतेला गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमची जुनी मैदानं पाहिली आणि तसं आपल्या गावात हवं असं मनात घेतलं, असं आमच्याकडं सांगतात. मधला कुस्तीचा हौद खाली, आणि कडेची जमीन चढत गेलेली. शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही खालच्या पैलवानानं पट कसा काढला ते स्वच्छ दिसतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह पेटलं तेव्हा त्याची झळ मैदानापर्यंत गेली. नाटकवाल्यांइतकेच तालमीतले लोक हळहळले, याचं बाहेरगावच्या माणसांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. कुस्ती, गाणं आणि लिहिणं ही तीन वेगळ्या माणसांची कामं आहेत असं मानायची सवय या गावानं मला कधी लागूच दिली नाही.

मी राधानगरीकडच्या खेड्यातून 1971 साली कॉलेजसाठी आलो आणि एका बोर्डिंगात राहिलो. बोर्डिंग म्हणजे काय हे आज समजावून सांगावं लागतं. एक खोली, त्यात चौघं-पाचजण, प्रत्येकाची एक ट्रंक आणि वळकटी, दोन वेळची भाकरी-आमटी. पण ही सोय उगवली कशी, ते पाहण्यासारखं आहे. शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले. राज्यकारभारात आणि शाळांत मूठभर घरांतलीच मुलं दिसतात, खेड्यातली मुलं हुशार असूनही शहरात टिकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. फी माफ करून भागत नव्हतं. पोरानं रात्री निजायचं कुठं आणि जेवायचं काय, हा खरा अडसर होता. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच सुमाराला जैन बोर्डिंग, पुढं लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं काढण्यावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. तरी मी एवढं म्हणेन की, त्या काळात एका पंगतीला बसायला तयार नसलेल्या समाजांतून एकाच वर्गात बसणारी पोरं या इमारतींमुळंच आली. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकले. अभ्यासापेक्षा कुस्तीत त्यांचा जीव जास्त रमे. त्याच माणसानं पुढं रयत शिक्षण संस्था उभारली आणि आपल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली.

आमचा दिवस पहाटे चारला तालमीत सुरू व्हायचा. कोल्हापुरात पेठ तिथं तालीम. हौदातली माती नुसती माती नसते. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून ती मळतात, तेव्हा ती अंगाला लागते आणि जखम चिघळत नाही, असं तालमीत मानतात. नव्या पोरानं आधी ती माती खोऱ्यानं उकरायची, मग जोर-बैठका, आणि कितीतरी दिवसांनी लढत. पैसे कुणी मागत नसे. वस्ताद दिवसभर आपलं काम करायचे आणि पहाटे पोरांवर उभे राहायचे. खुराक मात्र ज्यानं त्यानं आणायचा, आणि तिथंच बोर्डिंगातलं पोर कमी पडायचं. आमच्या वस्तादांनी मला पैलवान करायचा हट्ट धरला नाही. दूध-बदाम नसताना मोठ्या कुस्तीला उतरवणं म्हणजे पोराची हाडं मोडून घेणं, असं ते स्पष्ट सांगायचे.

याच गावातून श्रीपती खंचनाळे 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, दुसऱ्या वर्षी गणपत आंदळकर. पण विद्यार्थी म्हणून आम्हाला जवळचे वाटायचे ते खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गादीवर पहिल्यांदा मोठं लढले आणि सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या हकिकतीत मला पदकापेक्षा प्राचार्यांचं घर जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या विद्यार्थ्याचं कुस्ती खेळणं हे अभ्यासाच्या आड येणारं खूळ आहे असं त्या प्राध्यापकाला वाटलं नाही, म्हणून तर ते घडलं.

तालमी कुस्तीपुरत्या राहिल्या नाहीत, हीही इथली खास गोष्ट. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल ही नावं आज कोल्हापूरकर घेतो ती फुटबॉलच्या सामन्यावरून. लाल मातीतल्या संस्थेनंच गवतावरचा संघ काढला, गणपती बसवला, पेठेतलं भांडण मिटवलं. मी उजव्या बाजूला खेळायचो, आणि पावसाळ्यात चिखलात पाय रोवून उभं राहण्याची ताकद हौदातच कमावलेली होती.

संध्याकाळी गाणं. मंगळवार पेठेत एका मास्तरांच्या माडीवर क्लास होता. एक तंबोरा, एक पेटी, चटईवर सातआठ मुलं. मास्तरांची पहिली सूचना होती, जोर काढून आलास की लगेच गाऊ नकोस, छाती आधी शांत होऊ दे. मग खर्ज, मग पलटे. कोल्हापूरला गाणं कुठून आलं याचं उत्तर एका माणसाच्या नावानं देता येतं, आणि ते देताना आम्ही कानाला हात लावतो. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानकडचे. तरुणपणी अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला, पूर्वीसारखा तो पुन्हा आलाच नाही. राहिलेल्या आवाजाला झेपेल आणि बुद्धीला पुरेल अशी वेगळी, वक्र, गुंफलेली गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं आणि पंचवीसएक वर्षं खाँसाहेब इथं राहिले. 1922 मध्ये महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी त्यांची गायकी पुढं नेली. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ मात्र कोल्हापूरला धरून राहिले, आणि त्यांच्याकडं शिकायला मल्लिकार्जुन मन्सूर येत.

पण माडीवरच्या मुलाला खाँसाहेबांचं गाणं थेट मिळालेलं नव्हतं. त्याच्यापर्यंत गाणं पोचलं ते दुसऱ्याच वाटेनं, आणि ती वाटही आमच्याच जिल्ह्यातून निघते. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला गेले. गुरूच्या घरी राहून, पाणी भरून विद्या मिळवायची ही रीत त्यांनी स्वतः भोगली होती. 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, फी, क्रमिक पुस्तक, स्वरलिपी, परीक्षा. 1931 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या खेड्यापाड्यात पोचल्या त्या या मंडळामुळं. घराण्याचे जाणकार या परीक्षांना नाक मुरडतात. परीक्षेनं गवई होत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण मध्यमापर्यंत गेलेलं पोर देवल क्लबात एखाद्या बुजुर्गाचं गाणं ऐकायला बसलं की त्याला यमन कुठं संपला आणि पुढचा राग कुठं सुरू झाला ते कळत होतं. ऐकणारे तयार झाल्याशिवाय गाणारे जगत नाहीत. पलुसकरांनी ऐकणारे तयार केले, आणि मी त्यांतला एक आहे.

लिहिण्याची गोष्ट लवकर सांगून होते, कारण तिला ना वस्ताद लागला ना मास्तर. भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 सालचं. सभासदाची वर्गणी आमच्या खिशाला झेपत होती. राजाराम कॉलेजात एके काळी माधव जूलियन फारसी आणि ना. सी. फडके तर्कशास्त्र शिकवत, ही माहिती तिथल्याच जुन्या अंकांत वाचली. राजाराम हायस्कुलात मुलांना शिकवत ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत आमच्या काळात त्याच गावात होते. ‘ययाति’साठी वि. स. खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा बोर्डिंगात आम्ही वर्गणी काढून पेढे वाटले. लेखक हा नोकरी करणारा, छत्री घेऊन बाजारात जाणारा माणूस असतो हे डोळ्यांनी दिसलं की लिहिण्याची भीती जाते. माझा पहिला लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात आला, तो आमच्या वस्तादांवर होता.

एक गोष्ट सोडून दिली तर हा इतिहास खोटा ठरेल. मी हे जे तिन्ही ठिकाणचं सांगतो, ते माझ्या बहिणीला मिळालं नसतं. वाचनालयात ती येऊ शकली असती. गाण्याचं दार मुलींना थोडंफार उघडं होतं. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी लहानपणी भुर्जी खाँसाहेबांकडं शिकल्या, कारण वडील ठामपणे पाठीशी उभे होते. तालमीच्या उंबऱ्यावर मात्र मुलीनं उभंही राहायचं नव्हतं. आता जिल्ह्यातल्या मुली मॅटवर लढतात, पदकं आणतात. त्यांच्या सरावाची जागा बहुतेक ठिकाणी जुन्या तालमीत नाही, स्वतंत्र केंद्रात आहे. तालमींनी आपणहून दार उघडावं असं मला मनापासून वाटतं.

महाराजांवर पुस्तकं आहेत, खाँसाहेबांचं आत्मकथन आहे, खाशाबांवर लेख आहेत. पहाटे हौद उकरून घेणारे वस्ताद, पावसात चटया वाळवणारे गाण्याचे मास्तर, वाचनालयाच्या खिडकीत बसून नव्या पोराला कुठलं पुस्तक द्यायचं ते ओळखणारे कारकून यांची साधी यादीही कुठं नाही. गेली काही वर्षं मी ती करतो आहे. पेठेचं नाव, माणसाचं नाव, काय शिकवलं, कुणाला शिकवलं, एवढ्याच रकान्यांची वही. सांगू शकणारे लोक ऐंशीच्या पुढं गेले आहेत, म्हणून सकाळी फिरायला बाहेर पडलो की आधी त्यांच्याच घरी जातो.