गरोदर बाईच्या मनाची तपासणी कधी?

सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं सोनाळा घ्या, नाहीतर संग्रामपूर तालुक्यातलं कोणतंही गाव. गरोदर बाई तपासणीला गेली की वजन, बीपी, रक्त, लघवी सगळं होतं. २०१६ पासून त्यासाठी दर महिन्याची ९ तारीखही ठरलेली आहे. पण "झोप लागते का? सारखं रडू येतं का? जगणं नकोसं वाटतं का?" हे तिला कोण विचारतं? घरी उत्तर तयारच असतं : "दिवसात असं होतेच" किंवा "बाहेरचं लागलं."

हा आजार काही आजचा नाही. लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरने १८५८ मध्येच गरोदर बाया आणि बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे बराच काळ लक्ष राहिलं ते बाळंतपणानंतरच्या दिवसांवर. १९८७ मध्ये कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी एडिनबरा प्रश्नावली काढली. फक्त १० प्रश्न, ३० गुण. सुई नाही, मशीन नाही. तीसुद्धा आधी बाळंतिणींसाठीच होती, गरोदर बायांसाठी नंतर वापरात आली.

ही उशिराची विचारपूस किती महाग पडते, ते आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवलं. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० बायांपासून अभ्यास सुरू केला. तो २००२ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के बायांना, नैराश्य होतं. त्यातल्या ७८ टक्के जणींना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता! सहा महिन्यांनीही निम्म्याहून जास्त जणी आजारीच होत्या. कारणं? गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी झाली की वाढणारा जाच. यातलं "बाहेरचं" काय आहे, सांगा बरं.

बरं, उपायासाठी मोठा डॉक्टरच लागतो असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीकडच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून त्यांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायांशी नेमाने बोलणं सुरू केलं. २००८ चा निकाल : बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्या गटात २३ टक्के बायांना नैराश्य उरलं होतं, दुसऱ्या गटात ५३ टक्के.

आणि आपल्याकडे हे अशक्य नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' आला, १४ जिल्ह्यांत, त्यात बुलढाणाही. आशाताई शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करू शकते, तर त्याच घरातल्या गरोदर सुनेची का नाही?

मात्र नुसता कागद भरून भागणार नाही. सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून खरं बोलेल? तिला एकटीला विचारायला हवं. त्रास निघाला तर पुढे पाठवायला माणूस हवा. आणि आशाताईला या कामाचा मोबदला हवा.

तोवर एवढं करा. घरात कोणी दिवसातली असेल तर "खाल्लं का?" यासोबत "मन बरं आहे ना?" हेही विचारा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे. तो तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.