दोन इंच पाणी

शॉवर काढून तिथे टब बसवायचा म्हटलं की घरात चर्चा होते ती टाइलच्या रंगाची आणि टबच्या लांबीची. प्लंबर मात्र आधी टॉर्च घेऊन जमिनीतल्या भोकात बघतो. तो काय बघतो आणि का, यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा विषय तोच.

सुरुवातीला एक कोडं. अमेरिकेतल्या घरांमध्ये शॉवरच्या ड्रेनचा पाइप बहुधा २ इंची असतो आणि टबचा दीड इंची. टबमध्ये दीडशे लिटर पाणी मावतं, तरी त्याचा पाइप लहान कसा? कारण टब म्हणजे स्वतःच एक टाकी. पाणी सावकाश गेलं तरी कुणाचं बिघडत नाही. शॉवरचा उंबरा मात्र जेमतेम दोन-तीन इंच. ड्रेन तुंबलं की काही मिनिटांत पाणी बेडरूमकडे निघालंच! म्हणजे शॉवरच्या जागी टब आणताना पाइपची रुंदी सहसा पुरते (उलट करायचं असेल तर मात्र पंचाईत). खरी भानगड वेगळीच आहे. शॉवरचं ड्रेन बरेचदा मधोमध असतं, टबचं एका टोकाला. त्यामुळे जमीन उघडून ट्रॅप हलवावा लागतो.

ट्रॅप म्हणजे पाइपचं ते वळण, ज्यात निदान दोन इंच पाणी कायम साठून राहतं. आपल्याकडचा 'नहाणी ट्रॅप' त्याचाच भाऊ. गटार आणि तुमचं नाक यांच्यामध्ये असतं ते एवढंच पाणी. १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने आपल्या संडासाच्या पेटंटमध्ये हे वळण वापरलं. ना स्प्रिंग, ना झडप. घड्याळजीच्या मानाने कमालच म्हणायची!

पुढच्या शतकात गटाराच्या वायूची इंग्लंडने धास्तीच घेतली. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड स्कारबरोच्या लॉन्ड्सबरो लॉजमध्ये मुक्काम करून आले आणि टायफॉइडने मरता मरता वाचले. खापर फुटलं तिथल्या ड्रेनवर. नंतर जंतूंचा शोध लागला आणि 'वासाने रोग होतो' ही समजूत मागे पडली. ट्रॅप मात्र राहिला.

पण ट्रॅपमधलं पाणी टिकवायचं कसं? भरलेला टब एकदम रिकामा झाला की वाहतं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेऊ शकतं. १९२०च्या दशकात अमेरिकेचे वाणिज्यमंत्री असलेल्या हर्बर्ट हूवर यांनी (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) प्लंबिंगच्या नियमांसाठी एक समिती नेमली. तोवर गावोगावचे नियम वेगळे. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रॉय हंटर यांनी पाइप जोडून प्रत्यक्ष मोजमापं घेतली आणि १९२३ मध्ये समितीचा अहवाल आला. ट्रॅप हलवताना हवेचा पाइप, म्हणजे व्हेंट, त्याच्यापासून किती लांब गेला हे प्लंबर मोजतो ते याचसाठी. व्हेंटमधून हवा मिळाली की ट्रॅपमधलं पाणी जागेवर राहतं.

आता दुसरा प्रश्न. ट्रॅपमध्ये नवीन पाणी गेलंच नाही तर? तर ते वाळतं. महिनाभर बंद असलेला फ्लॅट उघडल्यावर येणारा वास आठवा.

याची भयंकर किंमत हाँगकाँगने मोजली. मार्च २००३ मध्ये सार्सचा एक रुग्ण अमोय गार्डन्स या वसाहतीत ई ब्लॉकमधल्या नातेवाइकांकडे आला. त्याला जुलाब होत होते. तिथे प्रत्येक बाथरूमच्या जमिनीत एक ड्रेन होतं, पण बरेच लोक फरशी पाण्याने न धुता नुसती पुसून घ्यायचे. ट्रॅप कोरडे पडले होते. सरकारी तपासात असं दिसलं की एक्झॉस्ट फॅन लावला की सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून वर खेचली जात असावी. वसाहतीत ३०० हून अधिक लोकांना लागण झाली, चाळीसहून अधिक दगावले. एकोणिसाव्या शतकातली भीती अगदीच खुळी नव्हती तर.

आता टबकडे परत येऊ. नव्या ड्रेनला नवा ट्रॅप मिळाला, ठीक. पण शॉवरच्या जुन्या ड्रेनचं काय झालं? तो ट्रॅप टबखाली तसाच राहिला तर त्यात पुन्हा कधीच पाणी जाणार नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीची गोष्ट: फीचर काढलं, पोर्ट उघडाच राहिला. आणि इथे तर वर टब बसल्यावर तो दिसणारसुद्धा नाही.

म्हणून टब जागेवर जाण्याआधी प्लंबरला एवढं विचाराच: "जुना पाइप कापून बंद केलात ना?" आणि पाहुण्यांच्या बाथरूममधलं ड्रेन वापरात नसेल तर हाँगकाँगचं आरोग्य खातं सांगतं तसं करा. आठवड्यातून एकदा त्यात अर्धा लिटर पाणी ओता.