नांदेड-लातूर परिसर आणि बालसंरक्षणाचे आंतरराष्ट्रीय करार

बालकांचा क्रयविक्रय व त्यांच्या श्रमाचे शोषण थांबविण्यासाठी विसाव्या शतकात राष्ट्राराष्ट्रांत जे करार झाले, त्यांचा इतिहास बहुधा जिनिव्हा व न्यूयॉर्क येथील परिषदांच्या आधारे लिहिला जातो. कराराचे मोल मात्र तो ज्या गावापर्यंत पोहोचावयाचा त्या गावावरून ठरते. या दृष्टीने नांदेड-लातूर परिसराचे उदाहरण उद्बोधक आहे.

राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९२१ साली स्त्रिया व बालके यांच्या व्यापारास आळा घालणारा करार झाला. त्याने संरक्षणाची वयोमर्यादा २१ वर्षे ठरविली. हिंदुस्थान सरकारने मात्र आपल्यापुरती ती १६ वर राखून ठेवली. १९२६ च्या गुलामगिरीविषयक करारावर सही करताना याहून मोठा अपवाद करण्यात आला. गुलामगिरीचे सर्व प्रकार क्रमशः नष्ट करणे, सक्तीच्या श्रमाला आळा घालणे आणि अपराध्यांस पुरेशा शिक्षा ठरविणे, ही कलमे देशी संस्थानिकांच्या मुलखास बंधनकारक राहणार नाहीत, असे सरकारने नमूद केले. त्या काळी नांदेड व लातूर ही दोन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. म्हणजे या परिसरातील बालकाच्या दृष्टीने करार झाला आणि त्याच वेळी सरहद्दीवर थबकलाही.

ही सरहद्द माणसांना अडवीत नव्हती. १९०० साली सुरू झालेला हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडवरून जाई व ब्रिटिश मुलखात संपे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडीशी तिची जोड झाली. प्रवासी काही तासांत हद्द ओलांडी. कायदा ओलांडीत नसे. १९३३ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात १५ वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण टाकणारा करार निरर्थक ठरविला. सोलापूर जिल्ह्यास तो लागू होता, शेजारच्या संस्थानी मुलखास नव्हता. संस्थानात, विशेषतः तेलंगण भागात, भागेला पद्धती रूढ होती. तीत कर्जदार फेडीसाठी धनकोच्या घरी राबे आणि न फिटलेले कर्ज मुलाच्या माथी येई. निजाम सरकारनेही भागेला करारांवर निर्बंध घातले. परंतु त्यांच्या अंमलबजावणीविषयी बाहेरच्या कोणत्याही संस्थेला जाब विचारता येत नव्हता. आंतरराष्ट्रीय बंधनाचे खरे महत्त्व या जाब विचारण्यातच असते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार यांना देशभर मनाई केली. १९५० च्या न्यूयॉर्क करारास अनुसरून १९५६ चा स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मराठवाड्यात आले. यापुढे करारास संस्थानी अपवाद उरला नाही. १९५६ च्या पूरक करारात पालकांनी मुलास श्रमाच्या शोषणासाठी दुसऱ्याच्या हवाली करण्याची प्रथाही गुलामगिरीसदृश मानली आहे; त्यास भारताने १९६० साली अनुसमर्थन दिले.

बालहक्क संहितेस भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. त्यानंतर दहा महिन्यांच्या आतच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. कुटुंबास पारख्या झालेल्या बालकास विशेष संरक्षणाचा हक्क आहे, असे संहितेचे २० वे कलम सांगते. हा हक्क प्रत्यक्षात आणावयाचा तर मुलांना स्वीकारणारे घर हवे होते. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पुण्यास केली. नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे राहिले. अनाथ मूल अनोळखी हाती पडण्याचा धोका अशा घरांमुळे टळतो. हे कार्य केवळ करारपत्राने साधले नसते.

आज प्रश्नाचे रूप पालटले आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडप्याच्या, म्हणजे ‘कोयत्या’च्या नावावर असते, मूल हिशेबात नसते, पण फडात असते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत मात्र कर्जदाराने कुटुंबातील व्यक्तीमार्फत दिलेले श्रमही येतात. बालमजुरीविषयक १३८ व १८२ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारांस भारताने २०१७ मध्ये अनुसमर्थन दिले. तथापि, मूल आईबापांबरोबरच जात असल्याने त्याच्या जाण्याची नोंद अपव्यापार म्हणून होत नाही, आणि अनेकदा मजुरी म्हणूनही होत नाही. मुलास गावीच ठेवून शाळेत टिकविणारी हंगामी वसतिगृहे हाच येथे कराराचा अखेरचा दुवा ठरतो.

१९२६ साली येथील बालक कराराबाहेर राहिले, कारण सरकारने तसे लिहून दिले होते. आता तसे कोठेही लिहिलेले नाही. म्हणून ते बाहेर राहिल्यास त्याचे कारण करारपत्रात नव्हे, तर वसतिगृह, शाळा व तालुका कचेरी यांच्या कारभारात शोधावे लागेल.