नासिकेचे नगर आणि शस्त्रक्रियेची पोथी

गोदावरीच्या ज्या तीरावर लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक छेदले अशी लोकश्रद्धा आहे, आणि नासिकेवरून ज्या नगरास नाशिक हे नाव पडले असे परंपरा सांगते, त्याच नगरालगत म्हसरूळ येथे महाराष्ट्रातील वैद्यकीय परीक्षांचे मुख्य दफ्तर असावे, हा योग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली येथे स्थापन झाले. तेव्हापासून आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात बेली आणि लव्ह यांचा शस्त्रक्रियेचा ग्रंथ वाचणारा विद्यार्थी, आणि पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात शल्यतंत्रासाठी सुश्रुतसंहिता उघडणारा विद्यार्थी, असे दोघेही एकाच विद्यापीठाच्या परीक्षेस बसतात. सर्जरीची पोस्टिंग संपत आली, परीक्षा तोंडावर आली, आता वाचावे काय, हा प्रश्नही दोघांचा एकच.

प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ म्हणून प्रसिद्ध आहे. योग्या म्हणजे हाताची तालीम. ग्रंथ कितीही वाचले असले तरी ज्याने ही तालीम घेतली नाही तो शस्त्रकर्मास अपात्र, असा त्याचा रोखठोक आशय. मग साधने येतात, आणि ती सारी भाजीबाजारातली व चांभाराच्या दुकानातली: छेदनासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी, भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्या, लेखनासाठी केस न काढलेले चामडे, वेधनासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ, सीवनासाठी जाड विणीचे वस्त्र. परीक्षेच्या तयारीची याहून प्रामाणिक यादी मी पाहिलेली नाही.

या तालमीचा सर्वांत मोठा दाखला पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याजवळ घडला. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा बैलहाक्या १७९२ साली टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. त्यास सुमारे वर्षभराने विटा भाजणाऱ्या जातीतील एका मनुष्याने नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यावयाचा, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ मारावयाची, तेवढी त्वचा सोडवून दोन भुवयांमधील पट्टी मात्र जिवंत राखावयाची, मग ती त्वचा फिरवून खाली आणावयाची आणि सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या ठेवावयाच्या, असा त्या कसबाचा शिरस्ता होता. १७९४ साली ही हकीकत सचित्र लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, आणि पुढे कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने प्रेतांवर दीर्घकाळ सराव केल्यावर १८१४ साली तीच क्रिया जिवंत मनुष्यावर केली. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या मजकुरात नाही, याची खंत कोणा मराठी वाचकास वाटणार नाही?

पुस्तकांचा अंमल त्यानंतरचा. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सुश्रुतसंहिता १९१५ साली काढली. १९३२ साली हॅमिल्टन बेली व मॅकनील लव्ह यांचा ग्रंथ विलायतेत निघाला, तो नावाने संक्षिप्त आणि देहाने प्रचंड. पोस्टिंगच्या काही आठवड्यांत तो सबंध वाचून होत नाही, म्हणून केस मांडण्यासाठी कलकत्त्याच्या दासांचे पुस्तक आणि लेखी परीक्षेसाठी मंगळुरूच्या श्रीराम भटांचे, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एसआरबी’, अशी वाटणी रूढ झाली. ती मला मान्य आहे. मान्य नाही ते एकाच विषयाची चार पुस्तके आणि वर झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा उशाशी ठेवणे. सकाळी ज्या रुग्णाच्या गाठीवर हात ठेवला, त्याच गाठीचे प्रकरण रात्री एका पुस्तकातून वाचावे. दुसरे पुस्तक शंका उरली तरच उघडावे.

आडगावच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत मी मागे गेलो होतो. टेबलावर बेली हर्नियाच्या प्रकरणावर उघडा होता, आणि टेबलाच्या खणाची मूठ पांढऱ्या दोऱ्याच्या गाठींनी इतकी भरून गेली होती की खालचे लोखंड दिसेना. बोलता बोलता त्याचे दोन्ही हात नवी गाठ मारीतच होते, आणि डोळे पुस्तकावर होते.