खाण संपल्यावरचे देणे

नोव्हेंबर 1965. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या नॉट परगण्यात ऑली कोम्ब्स नावाची विधवा आपल्या घरावरच्या डोंगरउतारावर बुलडोझरसमोर जाऊन बसली. पोलिसांनी तिला उचलून नेले. थँक्सगिव्हिंगचा सण तिने तुरुंगात काढला. जमीन तिचीच होती, पण खालचा कोळसा तिचा नव्हता. त्या भागातल्या जुन्या पिढ्यांनी भूगर्भातले हक्क किरकोळ रकमेला विकले होते. तेव्हा खाण म्हणजे डोंगरात खणलेले भुयार, एवढेच लोकांना ठाऊक होते. पुढे यंत्रे आली, वरूनच डोंगर सोलून कोळसा काढणे सुरू झाले आणि तिथल्या न्यायालयांनी त्यालाही जुन्याच खतांचा आधार दिला.

अशा खाणकामात झाडे, माती, दगड उतारावर ढकलून देत. कोळसा संपला की कंपनी निघून जाई. मागे राहात उघडे कडे, घसरणारे ढिगारे आणि ओढ्यात उतरणारे आम्लयुक्त पाणी. काही राज्ये कंपन्यांकडून अनामत रक्कम घेत, पण ती इतकी तुटपुंजी असे की जमीन दुरुस्त करण्यापेक्षा अनामत सोडून देणेच स्वस्त पडे.

अमेरिकी काँग्रेसने यावर कायदा संमत केला, पण राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी 1974 आणि 1975 असा दोनदा तो नाकारला. अखेर 3 ऑगस्ट 1977 रोजी जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. नियम साधा होता. खोदण्याआधी तारण ठेवा. कंपनी पळाली तर सरकारला ते काम स्वतः पुरे करता येईल एवढी तारणाची रक्कम हवी. वरची सुपीक माती वेगळी राखायची, जमिनीला शक्यतो मूळचा आकार द्यायचा, पुन्हा हिरवळ रुजवायची. शेवटच्या पेरणीनंतर पाच वर्षे, आणि कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे, जबाबदारी कंपनीचीच.

मात्र याच कायद्यात एक पळवाट राहिली. आर्थिकदृष्ट्या भक्कम कंपनीला बाहेरचा जामीन न देता स्वतःच स्वतःची हमी देण्याची मुभा राज्ये देऊ शकत होती. मोठ्या कंपन्या बुडत नाहीत, हा त्यामागचा विश्वास. मग कोळशाचा बाजार कोसळला. ऑगस्ट 2015 मध्ये अल्फा, जानेवारी 2016 मध्ये आर्च आणि एप्रिलमध्ये पीबडी, अशा एकामागून एक बड्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. वायोमिंग राज्यात अल्फाची अशी स्वतःचीच हमी 41 कोटी डॉलरची होती. तडजोडीत राज्याला अग्रहक्क मिळाला तो फक्त 6.1 कोटींवर. बँका आणि रोखेधारक आपल्या पैशांसाठी वकील घेऊन रांगेत उभे होते. जमिनीच्या हातात मात्र बुडालेल्याचाच शब्द होता. अल्फाच्या तिथल्या दोन खाणी पुढे हात बदलत ब्लॅकज्युएलकडे गेल्या. 1 जुलै 2019 रोजी तीही दिवाळखोरीत गेली आणि कामगारांना घरी पाठवले गेले.

इस्लामी व्यवहारशास्त्रात याला फार जुने उत्तर आहे. कर्ज लिहून ठेवा, प्रवासात लिहिणारा मिळाला नाही तर तारण घ्या, अशी कुरआनची शिकवण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केत लोक ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. तरीही त्यांनी मदिनेत एका ज्यू व्यापाऱ्याकडून उधारीवर जव घेतले, तेव्हा आपले चिलखत गहाण ठेवले. त्यांच्या निधनाच्या वेळीही ते गहाणच होते. तारण मागणे म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणे नव्हे. उद्या काय होईल हे कुणाच्याच हाती नसते, म्हणून ते घ्यायचे. अल-अमीनने जे दिले, ते कोळसा कंपनीला का माफ व्हावे?

आपल्याकडेही हे तत्त्व आले आहे. 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोळसा खाणींनी खाण बंद करण्याच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात दरवर्षी पैसे भरायचे. खुल्या खाणीसाठी हिशेब हेक्टरी 6 लाख रुपयांचा धरला गेला. इतर खनिजांच्या 2017 च्या नियमांत ‘अ’ वर्गातील खाणींना हेक्टरी 3 लाखांची हमी ठरली. पण ठरावीक दर म्हणजे खरा खर्च नव्हे. चंद्रपूर आणि वणीच्या कोळसापट्ट्यातले मातीचे डोंगर किंवा गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींचे ढिगारे पाहिले की प्रश्न पडतो, हे सगळे जागेवर आणायला एवढ्यात भागेल?

खाणीच्या जनसुनावणीत लोक नोकरीचे विचारतात, मोबदल्याचे विचारतात. ते विचारलेच पाहिजे. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत. तारण किती आहे, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि कंपनी बुडाली तर ते उरेल का? केंटकीच्या डोंगरांत हे प्रश्न कायद्यात यायला ऑली कोम्ब्सच्या अटकेनंतर बारा वर्षे लागली. आपल्याला ते खाण सुरू होण्याआधीच विचारता येतात.