दर आठवड्याला एक कादंबरी

आमच्या गावच्या वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळे आणि ते आठव्या दिवशी परत करावं लागे. उशीर झाला की दंड. त्यामुळे दर आठवड्याला एक कादंबरी वाचणं हा माझा काही छंद वगैरे नव्हता. दंड चुकवण्याचा तो उपाय होता. गोष्ट १९८२-८३ची. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता आणि वैनगंगेच्या अलीकडचं आमचं गाव चंद्रपुरातच राहिलं होतं. नियमाला अपवाद एकच. भामरागडकडे बदली झालेल्या एका गुरुजींना पावसाळ्याआधी चार पुस्तकं एकदम मिळत. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडची वाट बंद. मग दंड मागणार कुणाकडे?

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड यांना सर्वांत जास्त मागणी. ती पुस्तकं इतक्या हातांतून गेलेली असत की शेवटची पानं गायब. मग रहस्य ग्रंथपालकाकांना विचारायचं. तेही सांगत, पण पुस्तक परत केल्यावरच.

ज्या पुस्तकांची शेवटची पानं शाबूत होती, त्यांवर पेन्सिलीनं अभिप्राय लिहिलेले असत. ‘नायिका मरते. घेऊ नये.’ ‘पहिली पन्नास पानं सोडा, मग बरी आहे.’ काका दर उन्हाळ्यात पुस्तकांची मोजदाद करत तेव्हा हे सगळं खोडरबरानं पुसत. दिवाळीपर्यंत पानं पुन्हा भरत. त्यातलं एक बारीक, सरळ अक्षर मी ओळखू लागलो. ते जंगल खात्यातून निवृत्त झालेल्या एका वनरक्षकाचं होतं. जंगलातल्या प्रेमकथेवर त्यांनी लिहिलं होतं, ‘पुस्तक खाली ठेववत नाही. पण भर पावसाळ्यात पळस फुलवला आहे. लेखक इकडे आलेला नाही.’ समीक्षा म्हणजे काय, हे मला नंतर बी.ए.ला शिकवलं गेलं. ते या तीन वाक्यांच्या फार पुढं गेलं असं मला वाटत नाही.

मराठी माणूस कादंबरीबद्दल असं रोखठोक बोलायला केव्हा लागला, हे मी पुढं हौसेनं शोधलं. मराठीतली पहिली कादंबरी १८५७ची, बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’. नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालेली यमुना वाटेत विधवांचे हाल पाहते, त्यांच्या हकिकती ऐकते. बाबा पद्मनजी ख्रिस्ती झालेले होते. त्यामुळं पुस्तक मिशनऱ्यांच्या प्रचाराचं ठरलं आणि पहिलेपणाचा मान त्याला द्यावा की नाही, यावर पुष्कळ वर्षं वाद झाले. पुस्तकात काय आहे यापेक्षा ते कुणी लिहिलं आहे, हे आधी पाहायची आपली सवय इतकी जुनी आहे.

त्यानंतर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६१ मध्ये. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. रिसबुडांची प्रस्तावना मला कादंबरीहून जास्त आवडते, कारण त्यांनी मनातलं लपवलेलं नाही. आपल्या लोकांच्या आयुष्यात, आपल्या लग्नाच्या चालीमुळं, मनोरंजक असं काही घडतच नाही. तेव्हा अद्भुत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, असा त्यांचा एकंदर सूर. अकरा वर्षांपूर्वीच एकानं घराघरांतल्या विधवा दाखवल्या होत्या. त्यांच्या दुःखात या गृहस्थांना गोष्ट दिसली नाही. पुढं १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ या विषयावर निबंध लिहिला. असंभाव्य प्रसंगांचा आणि अद्भुताचा सोस त्यांना पटला नाही आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मराठी कादंबरीचं वय तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचं होतं. कौतुकाच्या वयातच तिला खरं ऐकवणारा माणूस मिळाला.

१८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगते. लग्न, सासर, वैधव्य. रिसबुडांना जिथं काहीच सापडलं नव्हतं, तिथूनच हरिभाऊंनी सगळं आणलं. आठवड्याला एक प्रकरण. त्या काळचे वाचक पुढच्या अंकापर्यंत कसे थांबत असतील, हे आमच्या वाचनालयात रांगेत उभं राहिलेल्यालाच कळेल.

हरिभाऊंच्याच ‘उषःकाल’नं मला ऐतिहासिक कादंबऱ्यांचा नाद लावला. पुढं त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी वाचल्या आणि हळूहळू एक गोष्ट टोचू लागली. माझ्यासारख्या नावाची माणसं त्यांत यायची ती ठरलेल्या कामासाठी. मोठ्यानं हसायचं, मिशीला पीळ द्यायचा, शेवटी हरायचं. एके दिवशी धीर करून मी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, ‘हा खान कधी घरी जाऊन जेवतो का?’ माझा पहिला छापील नसलेला लेख तो हाच. दोन आठवड्यांनी त्याखाली बारीक अक्षरात उत्तर आलं होतं, ‘प्रश्न बरोबर. पण पेन्सिल जरा हलकी चालवावी, पान फाटलं आहे.’

खान घरी जेवताना भेटला तो कॉलेजात गेल्यावर, हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये. १९६५ची कादंबरी. गाव सोडून गेलेला मुसलमान निवेदक कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटत जातं. त्यात आमची माणसं जेवतात, उसासे टाकतात, खोटं बोलतात, चुकतात. आता आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. घरातलं चव्हाट्यावर कशाला आणलं, असं वाटलं. अब्बा मराठी वाचत नसत, याचं त्या दिवशी मला बरं वाटलं. पुस्तकाचा शेवटचा कोरा कागद समोर होता आणि मी त्यावर काहीही लिहिलं नाही. खान माणूस का नाही म्हणून भांडणारा मी, माणसासारखा माणूस समोर येताच गप्प झालो होतो.

त्याच सुमारास कुसुमावती देशपांडे यांचं ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हाती आलं. बाई मूळच्या अमरावतीच्या, जन्म १९०४चा. नागपुरात इंग्रजी शिकवत. ‘दीपकळी’सारखे कथासंग्रह नावावर, पुढं आकाशवाणीतही काम केलं, आणि १९६१ मध्ये ग्वाल्हेरला झालेल्या संमेलनात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९५३-५४ मध्ये दोन भागांत आलेल्या या पुस्तकासाठी त्यांनी शंभर वर्षांच्या कादंबऱ्या वाचल्या, गाजलेल्याही आणि धूळ खाणाऱ्याही. हे काम किती कंटाळ्याचं असेल, ते मी जाणतो. गोंडवनाच्या नावाला भुलून मी एकदा ज्ञानकोशकार केतकरांची ‘गोंडवनातील प्रियंवदा’ घरी नेली होती. जंगल भेटेल म्हटलं, भेटले ते ज्ञानकोशकारच. आठ दिवस पुरले नाहीत, दंड भरला. कुसुमावतीबाई अशा पुस्तकांपाशीही थांबतात. त्यात विचार कुठला आणि गोष्ट कुठं अडखळली, ते वेगवेगळं करून सांगतात. आवाज चढत नाही आणि गोडही होत नाही.

हे मला फार लागलं, कारण गोड आवाजाचा अनुभव मला नंतर भरपूर यायचा होता. माझ्या पहिल्या कवितासंग्रहावर एका गावी कार्यक्रम झाला. चार वक्ते बोलले. चौघांनीही माझं मराठी किती शुद्ध आहे, याचं कौतुक केलं. कवितेबद्दल कुणी बोललं नाही. मी इथल्याच मातीत जन्मलो, शाळेत मराठीच शिकलो. मला मराठी येतं यात नवल कसलं? पण हार गळ्यात असताना हे विचारता येत नाही. घरी आल्यावर एक प्रत त्या वनरक्षकांना दिली. आठव्या दिवशी त्यांनी ती परत आणली. मी म्हटलं, ‘काका, ही तुमचीच.’ ते म्हणाले, ‘ठेवतो. अकरा कविता चांगल्या आहेत, बाबू. बाकीच्या तू कुणाला तरी खूश करायला लिहिल्यास.’ मी घरी जाऊन मोजल्या. माझ्या हिशेबानं नऊच निघाल्या.

त्यांचा एक अभिप्राय मात्र मी विसरू शकत नाही. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी १९९२ मध्ये आली. लेखक हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातले कार्यकर्ते, कादंबरी गडचिरोलीतल्या जुरू या माडिया तरुणाची. म्हणजे लेखक इकडे आलेला होता. पळस चुकणार नव्हता. पण या जंगलात जंगल खात्याची माणसंही येतात आणि ती काही बऱ्या रूपात येत नाहीत. आमच्या वाचनालयात प्रत आली. काकांनी ती नेली आणि पहिल्यांदाच उशिरा परत केली. दंड मोजून टेबलावर ठेवला, काही न बोलता गेले. मी लगेच शेवटचं पान उघडलं. मला वाटलं होतं, पान रागानं भरलेलं असेल, किंवा माझ्यासारखं कोरं.

लिहिलं होतं, ‘आमच्याबद्दलचं पुष्कळसं खरं आहे. मी तेव्हा नोकरीत होतो.’

त्या उन्हाळ्यात ग्रंथपालकाकांनी बाकीची सगळी पुस्तकं पुसली, ही ओळ ठेवली. पुढं पुस्तक खिळखिळं झालं, बांधणीला गेलं, आणि बाइंडरनं ते पान काढून त्या जागी नवा कोरा कागद चिकटवला.